शंभर रुपयांचे घर

चित्रपट पाहणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे, अशी शिकवण आम्हांस बालपणी घरी आणि शाळेत, दोन्ही ठिकाणी मिळाली. त्या शिकवणीविषयी आमच्या मनात अनादर नाही. तथापि पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो, मुलांच्या सहवासात वर्षे गेली, आणि एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. जे दहा तास व्याख्यान देऊन सांगता येत नाही, ते कधी कधी एखादा जुना, प्रामाणिक बोलपट अडीच तासांत सांगून जातो. म्हणून गेल्या श्रावणातील एका शनिवारी दुपारी आम्ही दहावीच्या मुलांना 'श्री ४२०' हा चित्रपट दाखवावयाचे ठरविले. बाहेर पाऊस कोसळत होता. तुयेंच्या डोंगरउतारावरून पाण्याचे लोट शेतांकडे धावत होते, आणि सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून आम्ही सत्तर वर्षांपूर्वीची मुंबई पाहावयास बसलो. त्या दुपारी मुले काय शिकली हे त्यांचे त्यांस ठाऊक. आम्ही मात्र जे शिकलो, ते लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

हा चित्रपट ६ सप्टेंबर १९५५ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आणि नायक राज कपूर. कथा ख्वाजा अहमद अब्बास ह्यांची आणि पटकथेत त्यांना साथ व्ही. पी. साठे ह्यांची. छायाचित्रण राधू कर्माकर ह्यांचे. संकलन जी. जी. मयेकर ह्यांचे, हे आडनाव पडद्यावर उमटताच डिचोलीकडील मयें गाव आठवून आम्हांस उगाच आपलेपणा वाटला. संगीत शंकर-जयकिशन ह्यांचे, आणि त्यांच्या वाद्यमेळाची बांधणी वर्षानुवर्षे करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे तर मूळचे गोमंतकीयच. चित्रपट मुंबईचा खरा, परंतु त्याच्या भिंतीला आमच्याकडच्या हातांचाही चुना लागलेला आहे.

१९५५ हे साल पेडणे महालातील माणसास निराळ्या कारणासाठी स्मरते. हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी अवघे तीन आठवडे, १५ ऑगस्ट रोजी, आमच्याच महालाच्या वेशीवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैल सिंग बेनिपाल तेथेच हुतात्मा झाले. त्यानंतर सीमा अधिकच कडक झाली. पोटासाठी मुंबईस गेलेली आमच्याकडील माणसे मुंबईतच अडकली. इकडची माणसे इकडे राहिली. लग्न, मर्तिक, चतुर्थी, काही असले तरी येणे-जाणे दुष्कर झाले. आमचे आजोबा त्या अडकलेल्यांपैकी एक होते. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

आधी चित्रपटाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. राज नावाचा एक पदवीधर तरुण अलाहाबादेहून पायी चालत मुंबईस येतो. खिशात पैसा नाही; जवळ बी. ए. ची पदवी आणि प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले एक पदक. मुंबईत पाऊल टाकताच त्यास कळून चुकते की, येथे पदवीला कोणी विचारीत नाही. भूक मात्र रोज विचारते. मग तो ते पदक गहाण टाकतो. पुढे कपडे धुण्याच्या दुकानात त्यास काम मिळते. गरीब मुलांना शिकविणारी विद्या नावाची एक शिक्षिका त्याच्या जीवनात येते. आणि ह्याच वेळी धुतलेले कपडे पोहोचवावयास गेला असता माया नावाची एक श्रीमंत स्त्री त्याच्या हातांतील पत्त्यांची सफाई हेरते. मायेच्या हाताला धरून तो शेठ सोनाचंद धर्मानंद ह्यांच्या पेढीवर पोहोचतो. तेथून पुढे उंची कपडे, मोटार, मेजवान्या, आणि एकामागून एक खोटे व्यवहार. शेवटचा व्यवहार सर्वांत मोठा असतो: गोरगरिबांना शंभर रुपयांत घर देण्याची योजना. पदपथावर निजणारी माणसे पोटाला चिमटा घेऊन साठविलेली नाणी आणून ओततात. घर अर्थातच कोठेही नसते.

नायकाचे नाव राज, शिक्षिकेचे नाव विद्या, मोहाचे नाव माया, लबाडाचे नाव धर्मानंद! ही नावे ऐकून आमचे विद्यार्थी हसले. एवढे उघड रूपक आजच्या मुलांना पोरकट वाटणे साहजिक आहे. परंतु आम्हांस त्यात आमचा दशावतार दिसला. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात संकासुर येतो तेव्हा काळा वेष आणि लोंबती लाल जीभ पाहून दोन वर्षांचे मूलही ओळखते की हा राक्षस. त्याच्या येण्याची वर्दी झांज आणि पखवाज आधीच देतात. आम्हां खेडुतांचे शिक्षण ह्या मंडपात झाले. वाईट माणूस वाईट दिसतो, ह्या समजुतीवर आम्ही वाढलो. शहरातील संकासुर मात्र जीभ आत ठेवून येतो. तो नम्रपणे बोलतो, आपल्या गावाचे नाव काढतो, आईची विचारपूस करतो, आणि चहाचे पैसे स्वतः देतो.

चित्रपट पाहताना आम्हांस जे प्रकर्षाने जाणवले ते हे की, फसवणुकीची सुरुवात फसविणाऱ्यापासून होत नाही. ती अगतिकतेपासून होते. ज्याला छप्पर आहे त्याला शंभर रुपयांच्या घराची जाहिरात वाचून हसू येईल. ज्याने दहा पावसाळे पदपथावर काढले आहेत, त्याला हसू येत नाही. त्याची बुद्धी कमी असते असे नव्हे. त्याची गरज इतकी मोठी असते की, संशय घेणे हीच त्यास चैन वाटू लागते. शेठ सोनाचंद हे ओळखून असतात. ते घर विकीत नाहीत, आशा विकतात. आणि आशेला माप नसल्यामुळे तिच्यात भेसळ पकडता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. शेठजींनी स्वतः पदपथावर जाऊन पैसे मागितले असते, तर त्यांस कोणी एक आणाही दिला नसता. म्हणून त्यांना राज हवा असतो. राज ह्या माणसांत राहिलेला, त्यांच्याबरोबर गायलेला, केळी विकणाऱ्या गंगामाईच्या मायेत वाढलेला. ही गंगामाई ललिता पवार ह्यांनी अशी उभी केली आहे की, कुठल्याही आठवड्याच्या बाजारात ती आपल्या शेजारी बसलेली असावी असे वाटते. 'राजने सांगितले आहे' एवढ्या शब्दावर तिच्यासारखी माणसे आपली कनवटी सोडतात. म्हणजे लबाडांनी लुटला तो पैसा नव्हे. आधी लुटला तो विश्वास, आणि पैसा त्याच्या मागोमाग आपल्या पायांनी चालत आला. परका मनुष्य खिसा कापू शकतो, पण आयुष्याची पुंजी हाती ठेवून घ्यावयाची तर आपलाच मनुष्य मध्ये लागतो.

येथे आम्हांस आजोबांची आठवण झाली. आजोबा १९५० च्या सुमारास मुंबईस गेले आणि गिरगावातील एका चाळीत, दुसऱ्याच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत पथारी टाकून राहिले. त्या काळी मुंबईत खोली मिळवावयाची म्हणजे पागडी द्यावी लागे. भाडे थोडे, पण पागडी भरमसाट, आणि तिची पावती कोणी देत नसे. आजीला मुंबईस नेता यावे म्हणून आजोबांनी पाच वर्षे पैसा साठविला आणि तीनशे रुपये पागडी म्हणून एका गृहस्थाच्या हाती ठेवले. गृहस्थ आमच्याच बाजूचा, कोंकणी बोलणारा, रोज संध्याकाळी भेटणारा. दुसऱ्या आठवड्यात तो दिसेनासा झाला. खोली होती, पण तिच्यात दुसरेच कुटुंब सुखाने नांदत होते आणि त्यांस ह्या व्यवहाराची वार्ताही नव्हती.

आजोबांनी ही गोष्ट घरी कळविली नाही. 'जागेचे जमत नाही' एवढेच ते पत्रांतून लिहीत राहिले, आणि सीमा बंद झाल्यावर तर न येण्यास आयतेच कारण सापडले. गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ साली, ते परत आले ते कायमचेच. आजी सांगे की, त्यांनी मुंबईत 'श्री ४२०' पाहिला होता आणि शंभर रुपयांच्या घराचा प्रसंग आला तेव्हा ते मध्येच उठून बाहेर गेले होते. त्यांनी हे तिला सांगितले, तेही म्हातारपणी, तुळशीवृंदावनापाशी बसून. तीनशे रुपये बुडाले ह्याचे दुःख सात वर्षांत विरले असते. परंतु 'मी फसलो' हे शब्द ओठांवर न आल्यामुळे ते दुःख त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे जेवले, झोपले आणि म्हातारे झाले. लहानपणी आम्हांस ही गोष्ट गमतीची वाटे. तिचा खरा अर्थ त्या शनिवारी कळला.

त्या दिवशी चित्रपट दाखविण्याची यंत्रसामग्री सांभाळावयास आमचा एक माजी विद्यार्थी आला होता. मुलगा सालस, हातात कसब असलेला. बारावीनंतर जहाजावर नोकरी करावयाची त्याची फार इच्छा. गोव्यात ही इच्छा नवी नव्हे. तारवटी होऊन घराण्याची घडी बसविलेली कितीतरी कुटुंबे आपल्या आसपास आहेत. वसंत ऋतूत तो आमच्याकडे आला होता. म्हणाला, "सर, मुंबय वतां. जहाजाचें काम जालां." मुंबईच्या एका दलालाने काम निश्चित केल्याचे त्याने सांगितले आणि चारित्र्याचा दाखला मागितला. आम्ही आनंदाने, सुंदर अक्षरांत, भरपूर विशेषणे घालून दाखला लिहून दिला. दलाल कोण, त्याचे कार्यालय कोठे, त्याने पैसे मागितले काय, ह्यांतील एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. शिक्षकाने मुलाच्या स्वप्नाला आशीर्वाद द्यावा, चौकशी करू नये, असे आम्हांस त्या वेळी वाटले असावे. खरे सांगावयाचे तर, आम्ही घाईत होतो.

पडद्यावर पदपथावरील माणसे नाण्यांची गाठोडी सोडू लागली तेव्हा हा मुलगा उठून व्हरांड्यात गेला. प्रथम आमचे लक्ष नव्हते. मग एकाएकी आजोबा आठवले आणि आम्ही त्याच्या मागे गेलो. पावसाची झड अंगावर घेत तो खांबाला टेकून उभा होता. पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग बोलला ते असे: ऐंशी हजार रुपये त्याने दलालास पाठविले होते, त्यासाठी आईने आपल्या दोन्ही पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. निघतेवेळी तिने एवढेच म्हटले होते, "सांबाळून वच, पुता." मुंबईस जाऊन पाहतो तो दिलेल्या पत्त्यावर कुलूप. आठ दिवस तो शहरात वणवण फिरला आणि परत आल्यावर 'जहाज सुटायला उशीर आहे' असे आईला सांगत राहिला. चार महिने तो हे सांगत होता.

ह्याहून जिव्हारी लागली ती पुढची गोष्ट. आम्ही दिलेल्या दाखल्याचे छायाचित्र त्या दलालाने शेजारच्या गावातील आणखी दोन मुलांना पाठविले होते. 'तुमच्याकडच्या शाळेचे मास्तरसुद्धा मुले आमच्याकडे पाठवितात' असे तो त्यांना सांगत असे. विद्यार्थी मित्रांनो, राजचे प्रामाणिकपणाचे पदक गहाण पडताना पाहून आम्ही त्या दुपारी हळहळलो होतो. आमचेही एक पदक गहाण पडले होते, आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. शेठजींना राज हवा असतो, असे आम्ही वर लिहिले. ह्या व्यवहारात तो राज आम्ही होतो.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आईपुढे बोलताना मुलाचा कंठ दाटला, म्हणून उरलेले आम्ही सांगितले, आणि त्यात आमच्या दाखल्याची हकीकतही सांगितली. ती माउली रागावली नाही. तिने दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली की, पाटल्या परत येतील, पण चार महिने पोर नीट जेवत नव्हते ते का, एवढे कोणीतरी आधी सांगावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार नोंदविली आणि त्या दोन मुलांची घरे गाठली. एकाने निम्मे पैसे आधीच पाठविले होते. दुसरा त्याच आठवड्यात पाठविणार होता, तो वाचला.

चित्रपटाचे नाव ज्या कलमावरून पडले ते कलम भारतीय दंडसंहितेतील ४२० वे: फसवणूक करून मालमत्ता घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. १८६० सालची ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलात आली, आणि ह्या गुन्ह्यासाठी आता कलम ३१८ लागू होते. 'चारसोबीस' हा शब्द मात्र कायद्याच्या पुस्तकातून गेला तरी लोकांच्या जिभेवरून जाणार नाही. त्याच सालाच्या अखेरीस सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे आपल्या गोव्यातच एकामागून एक उघडकीस आली. तेव्हा मोठे शहर म्हणजे पाप आणि खेडे म्हणजे पुण्य, असा सोपा हिशेब आम्ही मांडू इच्छीत नाही. शेठ सोनाचंदाला आता मुंबईत बंगला बांधून राहण्याची गरज उरलेली नाही. तो खिशातील दूरध्वनीतून तुयेंतही येतो. उलटपक्षी, उपाशी परक्या पोराला माया लावणारी गंगामाई त्या चित्रपटात मुंबईच्याच रस्त्यावर बसलेली आहे.

ज्यांना जहाजावर जावयाचे आहे त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला मुंबईतील नौवहन महानिदेशालयाचा परवाना असावा लागतो, आणि तो आहे किंवा नाही हे पाहता येते. शिवाय २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पारपत्र, खलाशाची नोंदवही आणि वैद्यकीय दाखला ह्यांचा खर्च तेवढा त्याचा. म्हणून नोकरीसाठी पैसे मागणारा दलाल, तो कितीही गोड बोलो आणि कोणत्याही गावाचा असो, त्याच क्षणी ओळखावा. आणि दूरध्वनीवरून पैसे गेलेच, तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

चित्रपटाचा शेवट सुखाचा आहे. राज युक्तीने शेठजींचे कपट उघडे पाडतो, पोलीस येतात, आणि राज पुन्हा विद्येच्या वाटेला लागतो. हा शेवट आम्हांस जरा घाईचा वाटला. वास्तवात पोलीस येतात ते बहुधा दलाल निघून गेल्यावर, आणि बुडालेला पैसा तीन तासांच्या आत परत येत नाही. आमच्या मुलाचे ऐंशी हजार अद्याप आलेले नाहीत. असे असूनही चित्रपटाचे एक सांगणे आम्हांस खरे वाटते. राज सुटतो तो पैसा परत मिळाल्यामुळे नव्हे. आपण काय केले हे तो आपल्या माणसांसमोर उभा राहून उघड बोलतो, म्हणून सुटतो. आमच्या आजोबांना ते बोलणे चाळीस वर्षे साधले नाही. ह्या मुलाला चार महिन्यांनी साधले. तेवढ्यापुरती तरी पिढी सुधारली असे म्हणावयास हरकत नाही.

आणि चित्रपटातील विद्या? ती बिचारी कोणाला वाचविण्यासाठी धावत नाही, मोठी भाषणे करीत नाही. आंधळ्या झगमगाटाकडे पाठ फिरवून ती आपल्या मुलांना शिकवीत राहते, आणि चुकलेल्याला परत येण्यासाठी एक दार उघडे राहते. शिक्षकाने ह्याहून फार काही करावयाचे नसते. मात्र दार उघडे आहे हे मुलांना माहीत असले पाहिजे. आमचे दार उघडे होते, पण आम्ही ते त्या मुलाला कधी सांगितले नव्हते. ह्या पानांतून आज ते सर्वांना सांगत आहो. फसलात तर या. कोणी हसणार नाही. आम्ही तर मुळीच नाही.

चारित्र्याचे दाखले आम्ही आजही देतो. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो: कोणाकडे जातोस, त्याने पैसे मागितले काय, आणि आईला सारे ठाऊक आहे काय. मुलांना ह्याचा थोडा कंटाळा येतो, तो येऊ द्यावा. तो माजी विद्यार्थी सध्या तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. परवा वाटेत त्याची आई भेटली. काही न बोलता तिने उजवा हात पुढे केला. त्या हातात पाटली होती. डाव्या हातातली यावयाची आहे. गणेशचतुर्थीपर्यंत येईल, असे ती म्हणाली.